मुलाला सरहद्द ओलांडावी लागते तेव्हा

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. सहा जिल्ह्यांतील पक्षकारांचे मुंबईचे हेलपाटे वाचले, याचा आनंद रास्तच आहे. परंतु न्यायालय जवळ आले म्हणजे न्याय जवळ आला असे नव्हे. उद्या या बेंचपुढे असे एक प्रकरण येऊ शकते, ज्याला आपल्या कायद्यात सरळ उत्तर नाही.

समजा, इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराची मुलगी परिचारिका म्हणून इंग्लंडला गेली. तेथे विवाहावाचून एका पुरुषाबरोबर राहिली, मूल झाले, पुढे संबंध तुटला. परमुलखात एकाकी पडलेली ती मुलाला घेऊन आईवडिलांकडे परतली. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे अनौरस अपत्याची नैसर्गिक पालक आई असते. पित्याचा क्रम तिच्यानंतर. इंग्लंडमध्ये मात्र १ डिसेंबर २००३ पासून जन्मनोंदीत आईबरोबर नाव लावलेल्या अविवाहित पित्यालाही पालकत्वाची जबाबदारी मिळते आणि त्याच्या संमतीवाचून मूल देशाबाहेर नेणे हा गुन्हा ठरू शकतो. स्त्री तीच, मूल तेच. विमानात चढताना ती आरोपी, उतरताना पालक!

हा पेच सोडविण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. सोळा वर्षांखालील मूल जेथून नेले तेथे सामान्यतः परत पाठवावे आणि ताब्याचा निर्णय तेथील न्यायालयाने करावा, असे तो सांगतो. भारत त्यात सामील नाही. विधी आयोगाने २००९ साली सामील होण्याची शिफारस केली, २०१६ साली विधेयकाचा मसुदाही निघाला. कायदा मात्र झाला नाही. छळाला कंटाळून परतलेल्या स्त्रीला पुन्हा त्याच दारात उभे करणार काय, असा आक्षेप घेतला गेला. तो खोटा नाही. पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात इंग्लंडच्या कारखान्यात राबणाऱ्या आईचे मूल बापानेच भारतात आणले होते. न्यायालयाने ते आईला परत दिले. २०१७ साली याच न्यायालयाने परदेशी आदेशापेक्षा मुलीचे हित श्रेष्ठ मानून तिला भारतात आईजवळ ठेवले. दोन्ही निकालांत तत्त्व एकच आहे: मुलाचे हित. परंतु ते तत्त्व पदरात पाडून घेण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागते, आणि दिल्लीचा वकील कोणाला परवडतो?

म्हणून डोळे मिटून करारावर सही करणे जसे धोक्याचे, तसेच हात बांधून बसणेही. आपला स्वतंत्र कायदा हवा. त्यात निर्णयाला मुदत असावी. हिंसाचार हे मूल परत न पाठविण्याचे स्पष्ट कारण असावे. दुरावलेल्या पालकाची भेट हा मुलाचा हक्क मानावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ स्त्रियांना व मुलांना मोफत कायदेसाहाय्य देतो. त्याची कक्षा परदेशातील दाव्यांपर्यंत न्यावी. आणि आईबापांचा विवाह झाला होता की नाही, ही कसोटीच नसावी. बचतीच्या कागदावर पित्याचे नाव मागितले गेले म्हणून लढलेल्या एका अविवाहित मातेला २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने पित्याचे नाव उघड न करता पालकत्व मागण्याचा हक्क मान्य केलाच आहे.

करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९२० साली अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्याविषयी कायदा केला. विवाहाबाहेर जन्मल्याचे प्रायश्चित्त मुलाने का घ्यावे, हा प्रश्न या नगरीला नवा नाही. तेव्हा मूल वारसाहक्काच्या उंबरठ्याबाहेर उभे होते, आज ते दोन देशांच्या सरहद्दीवर उभे आहे. मूल कोणाच्या मालकीचे, हे विचारणे आपण थांबविले पाहिजे. ते कोठे निर्भयपणे वाढेल, एवढेच विचारायचे आहे.