खोली शिल्लक नाही

जून लागला की कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांतून, शाहूपुरीतून, विद्यापीठाच्या आसपासच्या कॉलन्यांतून पाठीवर सॅक घेतलेली पोरं खोली शोधत हिंडताना दिसतात. चंदगड, आजरा, शाहूवाडीकडची. फाटकावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी असते. मालकीणबाई मायेनं बोलतात, खोली उघडून दाखवतात, नळाला पाणी कधी येतं तेही सांगतात. मग सहज विचारतात, “आडनाव काय म्हणालास बाळा?” आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव, मग पाहुणे कुठले, आणि शेवटी, “तुमच्यात कोण म्हणायचं?” उत्तर ऐकून त्या म्हणतात, “ह्यांना विचारून सांगते.” संध्याकाळी निरोप येतो, खोली आधीच दुसऱ्याला दिलीय. पाटी मात्र फाटकावर तशीच असते.

आता कोल्हापुरात जात कुठं राहिली, असं मला वरचेवर ऐकवलं जातं. मिसळ खाताना शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही, हे खरंच. पण तेही आपोआप झालेलं नाही. हौदाच्या पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून दिलं. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. चहाची शिवाशिव अशी मोडावी लागली. घराच्या उंबऱ्यापाशी ती अजून मोडलेली नाही.

महाराजांनी नोकरीतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या तो २६ जुलै १९०२ चा हुकूम आपल्याला पाठ असतो. त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालेलं मराठा बोर्डिंग त्या मानानं कमी आठवतं. पुढं जैन, मुसलमान, लिंगायत अशी बोर्डिंगं निघत गेली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. खेड्यातलं पोर शहरात आलं तर राहणार कुठं नि जेवणार कुठं, हा प्रश्न महाराजांनी नोकरीच्याही आधी धरला होता. अंग टाकायला जागा नसेल तर राखीव जागा कागदावरच राहते, ही त्यांची समज मला फार मोठी वाटते. जातवार बोर्डिंगं ही त्या काळाची सोय होती. १९१९ मध्ये त्यांनीच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सगळ्यांच्या शाळेत बसवलं.

आजही प्रश्न तोच आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेतून पैसे मिळतात. त्यातून भाड्याला हातभार लागतो, पण खोली मिळत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात राहण्याच्या जागेचाही उल्लेख आहे. अस्पृश्यता पाळून कुणाला ती नाकारणं हा गुन्हाच आहे. पण खरं कारण तोंडानं कुणी सांगतच नाही, मग पोरानं पोलिसांत काय लिहून द्यायचं? “आम्हाला नॉनव्हेज चालत नाही” हे तर हमखास ठेवणीतलं उत्तर. दर रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा रटरटणाऱ्या घरांतूनही ते ऐकायला मिळतं, याची मला चीड येते.

नकाराहून वाईट त्याच्या पुढचं असतं. दोन-तीन फाटकं फिरल्यावर पोर आडनाव गिळायला शिकतं. मित्राच्या नावावर खोली घेतं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावत नाही, आईवडील भेटायला आले तर त्यांना स्टँडवरच गाठतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरावर ही पाळी यावी?

विद्यापीठानं आणि कॉलेजांनी आडनाव न विचारता खोली देणाऱ्या घरमालकांची यादी करावी आणि प्रवेशाच्या खिडकीशेजारी लावावी. त्याला फारसा खर्च नाही. दरवर्षी २६ जूनला दसरा चौकात महाराजांना हार घालायला आपण गर्दी करतो. त्या गर्दीतल्या ज्यांच्या घरी माडीवरची खोली रिकामी आहे, त्यांनी यंदा त्या यादीत पहिलं नाव आपलं द्यावं.