सुरुंग शोधायचे, तर पायवाटांवरही

डहाणूकडच्या एका पाड्यावरचा नऊ वर्षांचा मुलगा काही वर्षांपूर्वी आमच्या रुग्णालयात आला होता. रानडुकरासाठी कुणीतरी बांधावर ठेवलेला गावठी बॉम्ब त्याने चेंडू समजून उचलला. उजव्या हाताची तीन बोटे गेली. त्या बांधावर असे आणखी किती गोळे पडलेत, हे पाहायला मात्र कुणी गेले नाही.

गडचिरोलीच्या बातम्या वाचताना तो मुलगा आठवतो. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने सुमारे ६० साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. बंदुका मोजता आल्या. पण जमिनीत पुरलेल्याचे काय? १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेला, हे आपण विसरलेलो नाही. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये छत्तीसगड-तेलंगण सीमेवरच्या कर्रेगुट्टा डोंगरांत सुरक्षा दलांना तब्बल ४५० सुरुंग सापडले.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतले स्फोट आम्हा डॉक्टरांना नवे नाहीत. तिथे भाजणे आणि काचा. पायाखाली फुटणाऱ्या सुरुंगाची जखम वेगळी. माती, चपलेचे तुकडे, कपड्याचे धागे स्नायूंच्या थरांतून वर गुडघ्यापर्यंत घुसतात. बाहेरून घोटा गेलेला दिसतो, कापावे लागते बरेच वर. जखम लगेच शिवायची नसते. साफ करून चार-पाच दिवस उघडी ठेवावी लागते, नाहीतर आत कुजते. रुग्ण लहान असेल तर हाड वाढत राहते, कृत्रिम पाय वरचेवर बदलावा लागतो. हा खर्च आणि हे हेलपाटे कुठल्याच आकड्यात येत नाहीत.

पोलिसांचे बॉम्बशोधक पथक जिवावर उदार होऊन काम करते, याबद्दल वाद नाही. पण त्यांचे काम गस्तीचा रस्ता मोकळा करण्याचे. तेंदूपत्ता तोडायला जाणारी बाई त्या रस्त्याने जात नाही. जगभरात २०२२ मध्ये सुरुंग आणि तत्सम स्फोटकांनी मारल्या गेलेल्या वा जखमी झालेल्या ४,७१० जणांत सुमारे ८५ टक्के सामान्य नागरिक होते.

कंबोडियासारख्या देशांत यंत्र बाहेर काढण्याआधी माणसे गावात जातात आणि विचारतात. गाय कुठे मेली? कोणती वाट लोकांनी सोडून दिली? त्यावरून नकाशा होतो, मग शोध. यंत्राची मर्यादा आहेच. घरगुती सुरुंगात धातू नावालाच, आणि लोहयुक्त मातीत यंत्र उगाचच वाजत राहते. म्हणून कुत्री लागतात, उंदीरसुद्धा. मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात ७१ सुरुंग हुंगून दाखवले, २०२० मध्ये त्याला सुवर्णपदक मिळाले. हसू नका, त्याच्या वजनाने सुरुंग फुटत नाही.

माझे मत सरळ आहे. शरण आलेल्यांपैकी ज्यांना पुरलेल्या जागा ठाऊक आहेत, त्यांच्याकडून त्या नकाशावर उतरवून घ्याव्यात. गावात विचारपूस खाकी गणवेशाने करू नये. तिथे लोक गप्प बसतात. तापाचे सर्वेक्षण करणाऱ्या आशाताईला ते सगळे सांगतात. तिने फक्त विचारायचे, जागेजवळ जायचे नाही. आणि जी वाट तपासून झाली, तिचा कागद ग्रामसभेच्या हाती द्यावा.

मार्चमध्ये मोह गळायला लागतो. बाया पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. निदान त्या वाटांची चौकशी त्याआधी व्हावी.