वारसा-शिक्षण किल्ल्यावर न्या

वारसा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदवीसाठी स्मारकावर किमान एक सत्र प्रत्यक्ष काम सक्तीचे करावे आणि मराठवाड्यात त्याची सुरुवात दौलताबाद अर्थात देवगिरी किल्ल्यापासून व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. एप्रिल २०२५ मध्ये किल्ल्यावर लागलेल्या आगीनंतर ही मागणी लांबणीवर टाकता येणार नाही.

बांधकामाची सनावळी मुखोद्गत असली म्हणून वणवा रोखता येत नाही. पावसाळा सरल्यावर गवत केव्हा कापायचे, तटाच्या सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप चिरा न हलवता कसे काढायचे, सुटीच्या दिवशी किल्ल्यातील ‘अंधारी’ या काळोख्या भुयाराच्या अरुंद वाटेत एका वेळी किती पर्यटक सोडायचे, हे जागेवरच शिकावे लागते.

मात्र एक धोका ओळखला पाहिजे. शिक्षण दिले आणि पदेच काढली नाहीत, तर ही पदवीही बेरोजगारांच्या रांगेत भर घालील. इथे घडलेले तरुण पोटापाण्यासाठी परगावी जातील आणि देवगिरीची दुरवस्था कायम राहील. म्हणून अभ्यासक्रम आणि नेमणुका यांचा निर्णय एकत्रच व्हायला हवा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी नव्या शैक्षणिक वर्षापूर्वी सामंजस्य करार करावा. केंद्र व राज्य सरकारांनी कंत्राटी नव्हे, कायमस्वरूपी पदे मंजूर करावीत. यात चालढकल झाली, तर पुढच्या उन्हाळ्यात होणाऱ्या हानीची जबाबदारी त्यांना टाळता येणार नाही.