संसारातील निर्णय : टायरांचा एक संच की दोन?

या महिन्यात आम्ही निवडलेले पत्र इंदूरच्या एका वाचक भगिनींचे आहे. त्यांचे चिरंजीव व सूनबाई जर्मनीत, म्युनिक शहराच्या दक्षिणेस, आल्प्स पर्वताच्या पायथ्याकडील एका गावी राहतात. उभयतांनी नुकतीच एक जुनी मोटार घेतली आणि पहिल्याच खर्चावरून घरात मतभेद झाला. गाडीचे टायर झिजले असून नवे घेणे प्राप्त आहे. चिरंजिवांचे मत असे की, बाराही महिने चालणारा ‘सर्व ऋतूंचा’ एकच संच घ्यावा व पैसे वाचवावेत. सूनबाईंचा आग्रह उन्हाळ्याचा एक व हिवाळ्याचा एक, असे दोन संच घेण्याचा आहे. त्या रुग्णालयात परिचारिका असून, ऐन हिवाळ्यात उजाडण्यापूर्वीच तीन वर्षांच्या मुलीला बालवाडीत पोचवून कामावर जातात. इकडे इंदुरात आजोबांनी निकाल देऊन टाकला आहे : “मी एकाच टायरांवर नऊ वर्षे स्कूटर चालविली. टायर म्हणजे काय कपडे आहेत, ऋतूप्रमाणे बदलायला?” भगिनी विचारतात, खरे कोणाचे?

आजोबांचा अनुभव खोटा नाही. परंतु तो इंदूरच्या हवेतील आहे. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली कशी घट्ट होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. रबर तसे गोठत नसले, तरी थंडीने ते कडक होते. उन्हाळी टायरचे रबर तापलेल्या रस्त्यावर टिकावे म्हणून मुळातच घट्ट केलेले असते. तपमान ७ अंश सेल्सियसच्या खाली जाऊ लागले की ते रस्त्यास नीट बिलगत नाही, असा एक ढोबळ नियम तिकडे सांगतात. ७ अंश ही काही काटेकोर सीमारेषा नव्हे; बदल हळूहळू होतो. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनविलेले असते. शिवाय त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा हिमात रुततात व खाचांत हिम दाबून बसते; आणि हिमाला हिम चांगले धरते. हाच मऊ टायर उन्हाळ्यात वापरला तर लवकर झिजतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी अधिक अंतरावर थांबते. म्हणजे ऋतू बदलला की एका टायरचा गुण हाच त्याचा दोष ठरतो.

हिवाळ्यासाठी निराळा टायर ही कल्पना जुनी आहे. फिनलंडमधील एका कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी असा टायर काढला व १९३६ साली साध्या मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ नावाचा. ‘सर्व ऋतूंचा’ टायर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला. अमेरिकेत गुडइयर कंपनीने १९७७ साली ‘टिएम्पो’ हा टायर त्या नावाने बाजारात आणला. त्याचे रबर मधल्या घट्टपणाचे व नक्षीही मधली असते. तो दोन्ही कामे करतो. मात्र ऐन उन्हाळ्यात उन्हाळी टायरची आणि ऐन हिमात हिवाळी टायरची बरोबरी सहसा करू शकत नाही.

प्रश्न गाडी चालण्याचा नसून थांबण्याचा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. थोडा हिशेब करून पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने दोन गाड्या हिमाच्छादित रस्त्यावरून जात आहेत व दोघींचे ब्रेक एकाच ठिकाणी दाबले गेले, असे समजा. पहिलीच्या टायरांचा घर्षणांक ०.३ व दुसरीच्या टायरांचा ०.२ धरला, तर पहिली सुमारे ३३ मीटरांवर थांबेल आणि दुसरी सुमारे ४९ मीटरांवर. पहिली गाडी जेथे उभी राहिली, त्या ठिकाणाहून दुसरी अजून ताशी २९ किलोमीटर वेगाने पुढे जात असेल. ते ठिकाण म्हणजे बालवाडीसमोरचा रस्ता असू शकतो. गाडीची चारही चाके इंजिनाने फिरत असली तर ती हिमातून सुटते लवकर. थांबण्याच्या कामी तिला काही विशेष लाभ नाही. थांबविणारे अखेर रबरच.

आता कायद्याचे पाहू. जर्मनीत हिवाळी टायरांसाठी ठरावीक तारीख नाही. रस्त्यावर हिम, हिमाचा चिखल, दहिवर किंवा गोठलेला बर्फ असेल तेव्हा योग्य टायरांवाचून गाडी चालविता येत नाही. चालविल्यास ६० युरो दंड होतो व चालकाच्या नावे एक दोषांक नोंदविला जातो. लोकांनी आपल्या सोयीसाठी ‘ओ ते ओ’ असा नियम केला आहे : ऑक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या सणापर्यंत, हिवाळी टायर ठेवावेत. टायरच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण, असे चिन्ह असले पाहिजे. हे चिन्ह हिमावरील चाचणीत उतरलेल्या टायरासच मिळते. ‘एम अधिक एस’ ही जुनी अक्षरे मात्र कारखानदार स्वतःच घालतो. त्यांसाठी तशी चाचणी लागत नाही. केवळ तीच अक्षरे असलेल्या टायरांना जर्मनीत दिलेली सवलत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. तेव्हा ‘सर्व ऋतूंचा’ या नावावर न जाता डोंगराचे चिन्ह पाहावे. ते असेल तर असा टायर जर्मनीत कायदेशीर आहे, आणि चिरंजिवांचे म्हणणे तेवढ्यापुरते योग्य आहे.

खर्चाचा विचार करताना एक चूक नेहमी होते. दोन संच म्हणजे दुप्पट खर्च, असे वाटते. परंतु एक संच रस्त्यावर असतो तेव्हा दुसरा विश्रांती घेत असतो. एक संच चार वर्षे पुरणार असेल, तर दोन संच मिळून सुमारे आठ वर्षे पुरतील. खरा जादा खर्च पडतो तो दुसऱ्या रिमांचा, वर्षातून दोनदा बदलण्याचा आणि जागा नसल्यास ठेवणावळीचा. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या मोटारींत टायरमधील हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा सक्तीची आहे; काही गाड्यांत तिच्यासाठी दुसऱ्या संचातही संवेदक बसवावे लागतात. याला एक अपवाद आहे. गाडी फारच थोडी चालत असेल, तर टायर झिजण्यापूर्वीच वयाने कडक होतात व दोन संचांतील बचत राहत नाही.

यावरून निर्णयाची रीत निघते. सपाट प्रदेशातील सौम्य हवेचे शहर, थोडा प्रवास, आणि हिम पडले त्या दिवशी आगगाडीने जाण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी असतील तर चिन्हांकित ‘सर्व ऋतूंचा’ एक संच शहाणपणाचा आहे. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील एखाद्या कुटुंबास आम्ही तोच सुचविला असता. परंतु आपल्या सूनबाईंचे गाव पर्वताच्या पायथ्याशी आहे, गाडी रोज लागते, आणि रुग्णालयातील पाळी हिम पडले म्हणून टळत नाही. टायरांची निवड वर्षातील सरासरी दिवसावरून करू नये. ज्या वाईटात वाईट दिवशी घराबाहेर पडणे भागच आहे, त्या दिवसावरून करावी. सबब आमचे मत सूनबाईंच्या बाजूने आहे.

दोन संच घ्यावयाचे ठरल्यास पुढील गोष्टी सांभाळाव्यात. हिवाळी टायर चारही चाकांना एकदम बसवावेत. दोनच बसविल्यास वळणावर गाडी घसरून फिरण्याचे भय असते. निराळ्या रिमांवर ते कायमचे चढवून ठेवले तर बदलणे सोपे जाते. जुने टायर घेताना अंगावरील चार आकड्यांची निर्मितीखूण पाहावी : ३२२३ म्हणजे २०२३ सालचा ३२वा आठवडा. नक्षीची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण ए. डी. ए. सी. ही तेथील मोटारचालकांची संस्था हिवाळ्यासाठी किमान ४ मिलिमीटरांची शिफारस करते. काढलेल्या टायरांवर खडूने ‘पुढील डावा’, ‘मागील उजवा’ असे लिहून ते थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावेत. चाके बदलल्यावर सुमारे ५० किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळून घ्यावेत. आणि टायर कितीही उत्तम असले, तरी काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर वेग कमी करणे याहून दुसरा उपाय नाही.

आता आजोबांविषयी. आपल्या मैदानी प्रदेशात त्यांचेच म्हणणे खरे आहे. येथे ऋतूप्रमाणे टायर बदलण्याचे कारण नाही. मृग लागण्यापूर्वी नक्षीची खोली व हवा तपासून घेतली म्हणजे पुरे. हिमाचल वा काश्मीरमध्ये हिवाळ्यात सहलीस जाणाऱ्यांनी मात्र आपल्या मैदानी टायरांवर भरवसा ठेवू नये. हिम असेल तेथे चाकांच्या साखळ्या व स्थानिक चालक हेच बरे.

भगिनी, आपल्या यजमानांस आमचा नमस्कार सांगावा. टायर कपड्यांसारखे असतात काय, असे त्यांनी थट्टेने विचारले आहे. नातीला डिसेंबरात तेथे लोकरीचा कोट घालतातच. गाडीलाही तसाच एक कोट लागतो, एवढे त्यांना सांगितले तर ते हरकत घेणार नाहीत, असा आमचा विश्वास आहे.