तराजू त्याचाच, दुकानही त्याचेच

ज्याच्या हाती तराजू त्याचेच दुकान असेल, तर मापात पाप होण्यासाठी दुकानदार लबाडच असावा लागतो असे नाही. त्याच्या हिताचे वजन पारड्यात आपोआप पडते. अमेरिकेतील मोटारींच्या काचांचा धंदा हे याचे बोलके उदाहरण आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु मक्तेदार भांडवलाची कार्यपद्धती अशा किरकोळ व्यवहारांतच अधिक स्वच्छ दिसते.

तेथे मोटारीची काच तडकली की मालक विमा कंपनीला दूरध्वनी करतो. अनेक विमा कंपन्यांनी काचांच्या दाव्यांचे काम बाहेरच्या प्रशासक कंपन्यांकडे सोपविले आहे. त्यांत सेफलाइट सोल्यूशन्स ही अग्रगण्य. तिचीच भगिनी कंपनी सेफलाइट ऑटोग्लास काचा बसविते, आणि दोघी बेलरॉन या बहुराष्ट्रीय समूहाच्या आहेत. म्हणजे दावा नोंदविणारा आणि ग्राहकाला दुकान सुचविणारा स्वतःच दुकानदार! शिवाय प्रतिस्पर्धी कारागिराची बिलेही त्याच्याच हाताखालून जातात. या व्यवस्थेमुळे खर्च आटोक्यात राहतो असे तिचे समर्थक म्हणतात. ते क्षणभर मान्य केले, तरी लहान कारागिराचे गिऱ्हाईक त्याच्या दारात पोहोचण्यापूर्वीच वळविले जाऊ शकते, हा आक्षेप उरतोच.

कनेक्टिकट राज्याने २०१३ मध्ये यावर कायदा केला. प्रशासकाने स्वतःच्या मालकीचे दुकान सुचविल्यास त्या भागातील निदान एका अन्य परवानाधारक दुकानाचे नाव सांगावे, एवढीच त्याची माफक मागणी होती. कंपनी न्यायालयात गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने या तरतुदीच्या अंमलबजावणीला मनाई केली. स्वतःच्या सेवेविषयी माहिती देण्यास भाग पाडणे वेगळे आणि प्रतिस्पर्ध्याचे नाव घेण्यास भाग पाडणे वेगळे, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. नागरिकासाठी घडविलेले भाषणस्वातंत्र्य अशा रीतीने भांडवलाचे चिलखत बनले.

या निकालाचा धडा स्पष्ट आहे. मालकीला हात न लावता केवळ बोलण्याचे नियम करू पाहणारे नियमन तोकडे पडते. विक्रेत्याने काय बोलावे हे ठरविण्यापेक्षा निवाडा करणाऱ्याने विक्रेता असूच नये, हे ठरविणे अधिक सरळ आहे. ही कल्पना अमेरिकेला परकी नाही. १९०६ च्या हेपबर्न कायद्याने रेल्वे कंपन्यांना स्वतःच्या खाणीतील कोळसा स्वतःच्याच गाड्यांतून परराज्यात वाहण्यास बंदी केली होती. मात्र १९०९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ खाण कंपनीचे भाग धारण करणे या बंदीत बसत नाही, असा अर्थ लावला आणि पळवाट मोकळी झाली. म्हणूनच बंदी घालायची तर ती भगिनी कंपन्यांना आणि मूळ मालकालाही लागू असली पाहिजे.

आपल्याकडे १९३८ च्या विमा कायद्यातील ६४ यूएम कलमानुसार ठराविक रकमेवरील नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्वेक्षकाने करावयाची असते. तत्त्व योग्य आहे. पण सर्वेक्षकाची नेमणूक व मेहनताना विमा कंपनीकडूनच होतो. आरोग्य विम्यात मध्यस्थ प्रशासक आहेत, मोटार विम्यात विमा कंपन्यांनी जोडलेल्या गॅरेजांच्या याद्या आहेत. सोय खरी आहे, पण सोयीच्या पोटात मालकीचे धागे विणले जाऊ शकतात. दावा तपासणाऱ्याचा दुरुस्तीच्या धंद्यात कोणताही आर्थिक हितसंबंध असता कामा नये, अशी स्पष्ट मागणी कार्यकर्त्यांनी आणि ग्राहक संघटनांनी लावून धरली पाहिजे. धागे घट्ट विणले गेल्यावर ते उसवणे किती अवघड असते, हे कनेक्टिकटने दाखविले आहे.