व्यास सांगतो अर्धीच गोष्ट

पाणबुड्यांचं महागडं घड्याळ घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी विचारतो, ‘किती एमएम?’ मिळालेलं उत्तर खरं असतं, पण हातावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

रोलेक्सचं डीपसी घ्या. व्यास ४४ मिलिमीटर, आजच्या सबमरिनरपेक्षा फक्त ३ने जास्त. पण ३९०० मीटर खोलीवरचा दाब सोसायचा म्हणून त्याची काचच साडेपाच मिलिमीटर जाड. पूर्ण घड्याळाची जाडी साडेसतराच्या वर आणि वजन दोनशे ग्रॅमहून जास्त. शर्टाची बाही त्याच्यावरून सरकत नाही, अडून बसते. २००८च्या मूळ डीपसीचा पट्टा तर केसच्या मानाने इतका अरुंद होता, की घड्याळ मनगटावर कलंडायचं. २०१८मध्ये रोलेक्सने व्यास तोच ठेवला, पट्टा रुंद केला, आणि ते बरंच सुसह्य झालं.

ओमेगाचं प्लोप्रॉफ आडवं ५५ मिलिमीटर. बघूनच धडकी भरते. पण ही रुंदी हाताच्या लांबीच्या दिशेने जाते. मनगटाच्या आडवं मोजलं तर ते ४८च भरतं, म्हणजे डीपसीच्या त्याच दिशेच्या मापापेक्षा कमी! सैकोच्या ‘टूना’ला पट्टा अडकवायची टोकं बाहेर येतच नाहीत, म्हणून पन्नाशीच्या आसपासचा तो डबा बारीक हातावरही बसतो. (त्याला लक्झरी म्हणायचं की नाही, यावर भांडणारे भांडोत.)

आणि एवढी खोली लागते कुणाला? हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर. स्कूबाचा २०१४चा विश्वविक्रम ३३२ मीटरचा. चित्रपट-दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन २०१२मध्ये मारियाना गर्तेच्या तळाशी गेला, तेव्हा रोलेक्सचं एक प्रायोगिक घड्याळ पाणबुडीच्या यांत्रिक हाताला बांधलेलं होतं. त्यावरून घडवलेलं ५० मिलिमीटरचं डीपसी चॅलेंज २०२२पासून माणसांना विकलं जातं. असो.

आधी मनगटाची वरची सपाट बाजू पट्टीने मोजा. घड्याळाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर, ज्याला ‘लग-टू-लग’ म्हणतात, त्याहून जास्त असेल तर ते घड्याळ सोडा. बसत असेल तर हात खाली सोडून थोडं चाला, बाही ओढून बघा. या दांडग्यांतलंच हवं असेल, तर माझा कौल ओमेगाच्या टायटॅनियममधल्या अल्ट्रा डीपला. ४५.५ मिलिमीटरचं आणि अठराहून जाड असूनही धातू हलका, पट्टा कापडी, त्यामुळे हात ओढला जात नाही. मनगटाचा घेर १७ सेंटीमीटरच्या आत असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा आणि ट्यूडरचं पेलागोस ३९ बघा.