आधी कोड दाखवा, मग इंजेक्टर सांगा

आज जरा तिखट लिहितोय. शोरूमवाल्यांना झोंबेल आणि आमच्या गॅरेजवाल्या भावांनाही झोंबेल. झोंबू दे.

गाडी मिसिंग मारते, घाटात पिकअप घेत नाही, चेक लाइट लागली, की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "इंजेक्टर गेलेत." स्कॅनर लावलेला नसतो. लावला असेल तर कोड काय आला ते गिऱ्हाइकाला सांगितलेलं नसतं. प्रेशर कुणी बघितलेलं नसतं. आणि एस्टिमेट मात्र तयार. ताप मोजायच्या आधी ऑपरेशनची तारीख देणारा डॉक्टर तुम्ही चालवून घ्याल काय? मग गाडीच्या बाबतीत का चालवून घेता?

परवाचीच गोष्ट सांगतो. भाड्याची डिझेल गाडी चालवणारे एक मालक आले. गगनबावड्याचा घाट चढताना गाडी दम सोडते, लाइट लागते, मग दोन हजार आरपीएमच्या वर जातच नाही. एका मोठ्या वर्कशॉपनं सांगितलेलं, चारही इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप. आकडा लाखाच्या जवळ. मालक म्हणाले, "मेस्त्री, एवढ्यात तर मी जुनी दुसरी गाडी घेईन. खरंच गेलंय का सगळं?"

स्कॅनर लावला. कोड पी ००८७. म्हणजे रेलमध्ये जेवढं प्रेशर पाहिजे तेवढं तयार होत नाही. एवढंच म्हणतो तो कोड. इंजेक्टर गेलेत असं तो कुठंही म्हणत नाही. स्लोवर गाडी ठीक होती, मागितलेलं आणि मिळणारं प्रेशर जुळत होतं. चढावर घेतली तर कॉम्प्युटर मागतोय चौदाशे बार आणि मिळतायत जेमतेम नऊशे. मग लीक ऑफ टेस्ट केली. हिला मशीन लागत नाही. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक नळी, नळीखाली एकेक बाटली, आणि गाडी चालू. ज्या इंजेक्टरची बाटली इतरांपेक्षा भराभर भरते तो आतून लीक. इथं चारही बाटल्या सारख्या. मग टाकीकडून येणारी लाइन बघितली. डिझेल फिल्टर काढला तर आत चिखल आणि खाली पाणी. कधी बदलला होता ते मालकांना आठवत नव्हतं. नवा फिल्टर, लाइनमधली हवा काढली, परत चढावर ट्रायल. प्रेशर जागेवर. दोन हजारांच्या आत काम झालं.

यात माझं कौतुक करून घ्यायचं नाही. हे काम वर्षभर शिकलेलं पोरगं करू शकतं. प्रश्न असा आहे की एवढ्या मोठ्या वर्कशॉपला हे का करता आलं नाही? का करायचंच नव्हतं?

आता थोडं सिस्टीमबद्दल, कारण अर्धी लुबाडणूक माहिती नसल्यामुळं होते. कार्ब्युरेटरच्या जमान्यात मेस्त्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन मिक्श्चर सेट करायचा, कान लावून स्लो बसवायचा. त्यात कसब होतं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तो स्क्रूच नाही. पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. आत किती हवा आली, इंजिन किती गरम आहे, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, आणि सायलेन्सरच्या पायपातला ऑक्सिजन सेन्सर काय सांगतोय, यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते तो काढतो. स्लोवर हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो, दोन-तीन हजारांश सेकंद. मिश्रण पातळ झालं तर तो स्वतःच पेट्रोल वाढवतो, जाड झालं तर कमी करतो. या वाढवण्या-कमी करण्याचा आकडा स्कॅनरवर दिसतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. शून्याच्या आसपास असेल तर सिस्टीम सुखात आहे. कायम पंधरा-वीस टक्के वर असेल तर कुठंतरी दुखतंय.

कुठं दुखतंय हे मात्र शोधावं लागतं. इंजेक्टर चोंदलेला असेल, टाकीतला पंप कमजोर झाला असेल, किंवा एखादा रबरी पाइप चिरून चोरून हवा घेत असेल. तिन्हीला कोड एकच येऊ शकतो, पी ०१७१. पाइपला शेदोनशे रुपये, इंजेक्टरच्या सेटला हजारो. ज्याला पाइप शोधायचा कंटाळा आहे तो तुम्हाला इंजेक्टर विकणार.

यातच अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय. आपल्याच ऊसपट्ट्यातलं, त्याला विरोध म्हणून सांगत नाही. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी आणि जळायला हवाही कमी लागते, म्हणून कॉम्प्युटर ट्रिम वाढवतोच. जुन्या गाडीत तो आकडा आधीच काठावर असेल तर लाइट लागायला निमित्त पुरतं. अशा गाडीला "इंजेक्टर खराब" सांगणारे मी या वर्षी बघितलेत.

आता "इंजेक्टर क्लीनिंग". गाडी सर्व्हिसिंगला टाकली की बिलात ही ओळ येतेच. हजार, दीड हजार, कुठं अडीच. गाडी वीस हजार किलोमीटर चाललेली, कसलीच तक्रार नाही, तरी क्लीनिंग. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काढा, मेन्टेनन्सच्या वेळापत्रकाचं पान उघडा आणि ही ओळ तिथं आहे का बघा. नसेल तर ती कुणी घातली ते काउंटरवर विचारा. तिथं बसलेला सर्व्हिस ॲडव्हायझर वाईट माणूस नसतो. त्याला महिन्याचं टार्गेट असतं, आणि अशा जादा कामांना तिकडं "व्हॅल्यू ॲडेड" असं गोंडस नाव आहे. व्हॅल्यू कुणाच्या खिशात ॲड होते ते सांगायला नको.

खरं क्लीनिंग असतं, ते मी नाकारत नाही. इंजेक्टर बाहेर काढायचे, टेस्ट बेंचवर लावायचे, ठरलेल्या वेळात कुणातून किती मिली पेट्रोल पडतं ते काचेच्या नळीत बघायचं, फवारा सरळ पडतो का थेंब गळतो ते बघायचं. मग अल्ट्रासॉनिकमध्ये साफ करून परत तीच मोजणी. आधीचा आकडा, नंतरचा आकडा. हे दोन आकडे कागदावर दिले तर ते काम झालं. टाकीत बाटली ओतून "सर, क्लीनिंग केलंय" म्हणणं हे काम नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हला लागतच नाही. तिथला कार्बन टाकीतल्या औषधानं निघतो असं सांगणारा एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय.

हे झालं शोरूमचं. आता आमच्याच लोकांकडं येतो.

चालू कॉमन रेल गाडीचे हाय प्रेशर पाइप ढिले करून कुठला सिलिंडर मेलाय ते बघणारे मेस्त्री अजून आहेत. जुन्या मायको पंपाच्या गाड्यांत ते चालून जायचं. इथं रेलमध्ये सोळाशे बार आणि त्याहून जास्त प्रेशर असतं. तुमच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून हिशेब करा. ती धार कातडीतून आत घुसते. बाहेरून सुई टोचल्यासारखं दिसतं, आतून बोट सडतं, आणि लगेच ऑपरेशन झालं नाही तर बोट जातं. स्पॅनर हातात देऊन पोराला "ढिला कर रे" म्हणणाऱ्याला गॅरेज चालवायचा हक्क नाही, मग तो कितीही जुना असू दे.

बॅटरीची वायर काढून लाइट घालवणारे दुसरे. लाइट जाते, बिघाड तिथंच, आणि कॉम्प्युटरनं साठवलेला पुरावा पुसला जातो. ईजीआरला पत्रा ठोकून, डीपीएफ आतून मोकळा करून "रीमॅप मारलाय, आता पळवा" म्हणणारे तिसरे. त्या गाडीचा धूर कोण खातं? रस्त्याकडेला भाजी घेऊन बसलेली बाई आणि शाळेला चाललेली पोरं.

एवढं बोलून झाल्यावर, आमच्या लोकांची एक बाजूही मांडायलाच पाहिजे, कारण मूळ दुखणं तिथं आहे. मेस्त्री अंदाजानं का चालतो? कारण मोजायची साधनं त्याच्यापासून लपवून ठेवलीत.

दोन हजाराचा साधा स्कॅनर कोड वाचतो, ट्रिम दाखवतो. पुढं दार बंद. कॉमन रेलचा नवा इंजेक्टर बसवला की त्याच्यावर छापलेला कोड गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावा लागतो, कारण प्रत्येक इंजेक्टर बनताना केसाएवढा वेगळा असतो आणि कॉम्प्युटर तो फरक धरून चालतो. कोड भरला नाही तर नवा इंजेक्टर घालूनही गाडी ठोकते, धूर मारते. तो कोड भरायचं सॉफ्टवेअर कंपनीकडं. डीपीएफ साफ करायची कमांड कंपनीकडं. वायरिंगचा नकाशा कंपनीकडं. नव्या काही गाड्यांत तर सॉकेटलाच कुलूप, कंपनीच्या परवानगीशिवाय स्कॅनर आत काही लिहू शकत नाही. गाडी तुमची, हप्ते तुमचे, आणि किल्ली त्यांच्या खिशात.

हे माझं रडगाणं आहे असं वाटत असेल तर सरकारी कागद बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. कारण हेच: स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. ती खुली करा असा आदेशही दिला. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, हेही त्यातच. कंपन्या अपिलात गेल्या. मग डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं. छान झालं. पण पोर्टलवर कस्टमर केअरचा नंबर मिळाला म्हणून मला इंजेक्टर कोडिंग करता येत नाही. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली लोकांनी मतदान करून कायदा करून घेतला. युरोपात बाहेरच्या गॅरेजला पैसे भरून कंपनीची रिपेअरची माहिती घेता येते. फुकट द्या असं कुणीच म्हणत नाही. विकत द्या म्हणतोय!

यावर कंपन्यांचं उत्तर ठरलेलं: अडाणी मेस्त्रीच्या हातात सॉफ्टवेअर दिलं तर गाडी बिघडेल, अपघात होईल. अहो, वॉरंटी संपली की निम्म्याहून जास्त गाड्या आमच्याच दारात येतात, हे तुम्हालाही माहीत आहे. आम्ही हात लावतोच. प्रश्न डोळे उघडे ठेवून लावायचा की बांधून, एवढाच आहे. ज्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोकांनी ऑइल इंजिनं घडवली, तिथल्या माणसाला तुम्ही "तुला जमणार नाही" म्हणून सांगताय?

आणि सरकारला एक. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा कोर्स आहे. माझ्याकडं तिथून आलेल्या पोरांना इंजिन खोलता येतं, जोडता येतं. चालू गाडीवर रेल प्रेशरचा आकडा त्यातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा माझ्या गॅरेजात बघितला. बीएस ६ लागू झालं एप्रिल २०२० ला. आता किती वर्षं थांबायचं?

तोवर गाडीवाल्यांनी आपल्यापुरतं एवढं करा. इंजेक्टर, पंप, सेन्सर असं कुणी सांगितलं की विचारा, कोड काय आला, प्रेशर किती मागतोय आणि किती मिळतंय, लीक ऑफ केली का. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो घ्या. नाही म्हणाला तर गाडी तिथून काढा, मग ते शोरूम असो, माझं गॅरेज असो. न सांगता काम करून बिल लावलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार होते, बिल जपून ठेवा. डिझेलवाल्यांनी फिल्टर वेळेवर बदला आणि त्याच्याखालचं पाणी काढत जा, निम्मे इंजेक्टर त्यानंच वाचतात.

आणि बदललेच तर जुने इंजेक्टर परत मागून घ्या. तुमची वस्तू आहे ती. पिशवीत घालून कुठल्याही पंप-नोझलवाल्याकडं न्या, बेंचवर लावून बघायला तासाभराचं काम आहे. खरंच गेले होते का, ते तिथं कळतं.